जुनी बोलेरो, सफारी, जीप उंच करायचीय? आधी टेप लावा, मग पाना

उसाचा हंगाम संपेपर्यंत पाणंद रस्त्यांची काय दशा होते, हे कराड-पाटण पट्ट्यात कुणाला सांगायला नको. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मध्ये वरंबा उभा राहिलेला असतो. वळवाचा एक पाऊस झाला की चाकोऱ्या आणखी खोल होतात. मग दहा-पंधरा वर्षं जुनी बोलेरो किंवा जीप वस्तीवर न्यायची म्हटलं की खालून घासल्याचा आवाज ठरलेला. गाडीत चार माणसं आणि मागं खताची पोती असली तर गाडी टेकतेच.

अशा वेळी कुणीतरी सल्ला देतं, "दोन इंच उचलून घे, काय होत नाय." मेस्त्रीही तयार असतो. पण गाडी उचलायचे रस्ते अनेक आहेत आणि त्यातला प्रत्येक तुमच्या गाडीला चालेलच असं नाही. काहींनी फायदा होतो, काहींनी फक्त गाडी उंच दिसते आणि काहींनी ब्रेकपासून स्टिअरिंगपर्यंत सगळं बिघडतं. रात्री-अपरात्री घरातलं आजारी माणूस याच गाडीतून दवाखान्यात न्यायचं असतं, हे लक्षात ठेवून निर्णय घेतलेला बरा.

गाडी खरंच कमी उंच आहे, की बसलीय?

नव्या बोलेरोचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनी १८० मिलिमीटर सांगते, म्हणजे साधारण सात इंच. वर्षानुवर्षं ओझं वाहून पाट्यांची कमान सपाट होते, कॉईल स्प्रिंग दबते, बुश झिजतात. त्यामुळे इंच-दीड इंच आपोआप गेलेला असतो. अशा गाडीला उचलायची नाही, तर मूळ उंचीवर आणायची गरज असते.

तपासणं सोपं आहे. सपाट कोबा केलेल्या जागेवर गाडी रिकामी उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा आणि चारही आकडे लिहून ठेवा. मध्यापासून मोजायचं कारण म्हणजे टायर लहान-मोठा असला तरी या मापात फरक पडत नाही. डाव्या-उजव्या बाजूत अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला, तर त्या बाजूचा पाटा किंवा स्प्रिंग बसलीय असं समजायला हरकत नाही. गावात त्याच मॉडेलची कमी चाललेली गाडी असेल तर तिचंही माप घ्या.

एक गैरसमज इथंच काढून टाकू. शॉकअप बदलले की गाडी उचलते, असं बरेच जण म्हणतात. गाडीचं वजन पाटे आणि स्प्रिंग पेलतात. शॉकअपचं काम फक्त उसळी आवरायचं. साधे तेलाचे शॉकअप नवे घातले तर गाडी कमी डुलेल, पण उंची वाढणार नाही.

पाटे असलेल्या गाड्या

जुन्या महिंद्रा जीप आणि १९८५ साली आलेली मारुती जिप्सी यांना चारही बाजूंना पाटे आहेत. २००० साली आलेल्या बोलेरोत बहुतेक मॉडेलना पुढे कॉईल आणि मागे पाटे असतात. पाट्यांसाठी पाच पर्याय सांगितले जातात.

पहिला, पाटे बदलणे किंवा कमान देऊन घेणे. नवा संच महाग पडतो, पण भरवशाचा. जुन्या पाट्यांना कमान देणाऱ्याकडे जाताना एक विचारा, पाटा तापवून नीट पाणी आणि टेंपर देणार का? नुसता भट्टीत लाल करून वाकवलेला आणि तसाच थंड केलेला पाटा मऊ पडतो आणि थोड्या दिवसांत पुन्हा बसतो. पाणी देऊन टेंपर न केलेला पाटा कडक, पण ठिसूळ होतो आणि ओझ्याखाली तुटू शकतो.

दुसरा, जादा पाटा घालणे. उंची थोडी वाढते आणि भार पेलायची ताकदही वाढते. रोज दुधाचे कॅन, पोती, कॅरेट वाहणाऱ्याला हा पर्याय जमतो. रिकामी गाडी मात्र आपटते. मागं बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या कमरेला ते लवकर कळतं.

तिसरा, लांब शॅकल. हिशेब साधा आहे. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असते, म्हणून ती दोन इंच लांब केली तर गाडी एकच इंच उचलते. पुढच्या पाट्यांना लांब शॅकल लावली की अॅक्सल फिरतो आणि स्टिअरिंगचा कॅस्टर बदलतो. मग गाडी सरळ रस्त्यावर भरकटते किंवा स्टिअरिंग जड होतं. घरी पट्टी कापून, भोकं पाडून केलेल्या शॅकल तर टाळाव्यातच.

चौथा, पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालणे. हा फक्त मागच्या अॅक्सलसाठी. पुढे, जिथं स्टिअरिंग आणि ब्रेकचा मोठा जोर येतो, तिथं ठोकळा घालू नये. एकावर एक दोन ठोकळे तर कधीच नाहीत. ब्रेक मारताना आणि चढाला जोर लावताना अॅक्सल पिळवटतो, आणि ठोकळा जितका उंच तितकं हे पिळवटणं वाढतं. ठोकळ्याबरोबर नवे, लांब यू-बोल्ट लागतात. जुने ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. शे-दोनशे किलोमीटर गाडी चालली की ते परत आवळून घ्यावेत.

पाचवा, अॅक्सलखालून जाणारे पाटे अॅक्सलच्या वर बसवणे. जिप्सीचे शौकीन हे करतात आणि गाडी पाच इंचांच्या आसपास उचलते. पण त्यासाठी अॅक्सलवर नव्या बैठका वेल्डिंग कराव्या लागतात आणि स्टिअरिंगची जोडणी बदलावी लागते. रोजच्या वापराच्या गाडीला हा उद्योग नको.

कॉईल स्प्रिंग असेल तर

कॉईलच्या गाडीत दोन मार्ग आहेत. एक, थोडी उंच किंवा जास्त भाराची स्प्रिंग घालणे. दुसरा, स्प्रिंगच्या वर स्पेसर, म्हणजे जाड चकती बसवणे. स्पेसर स्वस्त पडतो. पण पुढच्या बाजूला स्प्रिंग चाकापासून आत, विशबोनवर बसलेली असते. त्यामुळे एक इंचाच्या स्पेसरने चाकापाशी गाडी एक इंचाहून जास्त उचलते. हे माहीत नसेल तर अंदाज चुकतो.

स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफर बाजारात सर्रास मिळतात. ते बसवले की तेवढा वेढा काम करणं थांबवतो आणि त्याचा ताण बाकीच्या वेढ्यांवर येतो. गाडी किंचित वर दिसते, पण ती बसलेल्या स्प्रिंगची दुरुस्ती नव्हे.

सफारीचा बोल्ट

१९९८ साली आलेल्या जुन्या टाटा सफारीला पुढे टॉर्शन बार आहे. ही एक लांब पोलादी कांब असते आणि ती पिळली जाते, तिचाच स्प्रिंगसारखा उपयोग होतो. तिच्या टोकाला उंची जुळवायचा बोल्ट असतो. तो आवळला की गाडी पुढून उचलते. सामान काहीच लागत नाही, म्हणून हा सगळ्यात स्वस्त उपाय.

फसवणूक इथंच होते. बोल्ट आवळल्याने बार जास्त ताकदवान होत नाही, फक्त गाडीची उभी राहायची जागा बदलते. चाकाला खाली जायला जी जागा होती ती कमी होते. खड्ड्यात चाक लोंबकळतं आणि खट्ट आवाज येतो. बॉल जॉइंट तिरके चालतात. फोर बाय फोर असेल तर पुढच्या शाफ्टचे जॉइंटही लवकर जातात. बसलेली गाडी मूळ उंचीवर आणायला आणि फार तर वर इंचभर घ्यायला हा बोल्ट वापरावा. फिरवण्याआधी पुढची चाकं जॅक आणि स्टँडवर उचलून घ्यावीत, नाहीतर भाराखाली बोल्टचे आटे जातात. नंतर अलाइनमेंट केलीच पाहिजे, नाहीतर टायर एका बाजूने खातो.

सफारीला मागे कॉईल आहे आणि अॅक्सलला आडवा धरून ठेवणारा एक दांडा आहे. मागून गाडी जास्त उचलली की हा दांडा अॅक्सलला एका बाजूला ओढतो. मग मागचं एक चाक मडगार्डच्या जरा बाहेर आलेलं दिसतं.

मग चाकोरीत टेकणं थांबतं का?

थांबेलच असं नाही, आणि पैसे घालण्याआधी हे कळायला हवं.

बोलेरो, जीप, जिप्सी यांचा मागचा अॅक्सल अखंड असतो आणि त्यात डिफरन्शियलचा गोळा असतो. पाटे, स्पेसर, शॅकल काहीही केलं तरी चेसी आणि बॉडी वर जाते. गोळा जिथं होता तिथंच राहतो, कारण तो चाकांच्या मध्यावर आहे. चाकोरीतला वरंबा याच गोळ्याला लागत असेल, तर सस्पेन्शन उचलून काही उपयोग नाही. पायरी, सायलेन्सर, डिझेलची टाकी किंवा गिअरबॉक्सची खालची बाजू घासत असेल, तर मात्र उचलल्याने फरक पडतो. म्हणून आधी गाडीखाली वाकून ताजा ओरखडा कुठं आहे ते बघा.

गोळा वर घ्यायचा एकच मार्ग, मोठा टायर. त्याचाही हिशेब निम्माच. बोलेरोचा २१५/७५ आर १५ टायर सुमारे ७०४ मिलिमीटर उंच असतो. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर उंची सुमारे ७३४ होते. फरक ३० मिलिमीटरचा, पण अॅक्सल वर जातो फक्त १५, म्हणजे जेमतेम अर्धा इंच. शिवाय काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टच्या वर पळत असेल. चढाला ओढ कमी होईल आणि पूर्ण वळणात टायर घासतो का तेही पाहावं लागेल.

बॉडी आणि चेसीमध्ये गुटके घालून बॉडी उचलण्याचाही प्रकार आहे. त्याने मोठ्या टायरला जागा होते, पण गाडीखालची उंची वाढत नाही.

कडब्याची गाडी आठवा

कडब्याने उंच भरलेली बैलगाडी तिरक्या बांधावर कशी डोलते, ते सगळ्यांनी पाहिलंय. चाकांमधलं अंतर तेवढंच आणि वजन वर गेलेलं. उचललेल्या गाडीचं गणित तेच आहे.

समजा, दोन चाकांतलं अंतर १४०० मिलिमीटर आहे आणि गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ७०० वर आहे. तीन इंच, म्हणजे सुमारे ७५ मिलिमीटर गाडी उचलली, तर वळणावर तोल सांभाळायची ताकद जवळपास दहा टक्क्यांनी घटते. वर टपावर सामान आणि मागं आठ माणसं बसली की आणखी घटते. कुंभार्ली घाटातल्या वळणावर पूर्वी ज्या वेगात गाडी सहज निघायची, तो वेग आता तिला झेपेलच असं नाही. चालवणाऱ्याची सवय मात्र जुनीच असते.

म्हणून कामाच्या गाडीला दीड इंच पुरे. दोन इंचांच्या पुढे गेलं की एक बदल दुसरा बदल मागतो आणि खर्च थांबत नाही.

उचलल्यावर हे तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका

- ब्रेकचे रबरी पाइप: चाक पूर्ण लोंबकळत असताना आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवल्यावर पाइप ताणला जातो का? ताणलेला पाइप खड्ड्यात उपटला, तर ब्रेक जातो.
- शॉकअपची लांबी: चाक खाली गेल्यावर शॉकअप आधीच संपत असेल तर तो लवकर तुटतो.
- मागच्या ब्रेकचा भारानुसार चालणारा व्हॉल्व्ह: ज्या गाडीत तो असतो, तिथं गाडी उचलली की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. त्याची दांडी जुळवून घ्यावी.
- प्रोपेलर शाफ्ट: वेग घेतल्यावर थरथर जाणवली तर कोन बिघडलाय. क्रॉस लवकर जातील.
- अलाइनमेंट आणि हेडलाइट: दिवे वर झाले की समोरच्याच्या डोळ्यांवर जातात.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. खासगी गाडीला १५ वर्षांनी पुन्हा पासिंग करावं लागतं, तेव्हा अधिकारी गाडी समोर उभी करून बघतात. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच मुद्दा पुढे करू शकते.

बसलेले पाटे, दबलेली स्प्रिंग, झिजलेले बुश मूळ मापाच्या सामानाने बदलणं ही मात्र दुरुस्ती आहे, बदल नव्हे. जुन्या गाडीत गेलेला इंच-दीड इंच त्यानेच परत मिळतो. बऱ्याच जणांचं काम तेवढ्यावर भागतं. राहिला प्रश्न चाकोरीतल्या वरंब्याचा. पावसाआधी पाणंदीतल्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून अर्धा दिवस जेसीबी लावला आणि वरंबा ओढून घेतला, तर टेकणाऱ्या सगळ्याच गाड्यांची सोय होईल. मेस्त्रीला द्यायच्या पैशातला थोडा भाग तिकडं गेला तरी चालेल.