तेंदूच्या हंगामातली एव्हरेस्ट मोहीम

मे महिना चंद्रपूर-गडचिरोलीत तेंदूपत्त्याचा. घरची माणसं अंधार असतानाच जंगलात शिरतात, ऊन तापायच्या आत पानं तोडून परततात, दुपारभर सावलीत बसून पुडके बांधतात आणि संध्याकाळी ते संकलन केंद्रावर मोजून देतात. पारा सत्तेचाळीसच्या पुढे सरकलेला असतो आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, अजून लागायचा असतो. एव्हरेस्टचा हंगामही याच महिन्यात येतो. 2018 साली हे दोन्ही हंगाम एकाच जिल्ह्यातल्या काही घरांत एकदम आले. 16 मे रोजी चंद्रपूरला बातमी पोचली की आदिवासी आश्रमशाळांच्या मुलांनी एव्हरेस्ट गाठलं. मनीषा धुर्वे, उमाकांत मडावी, प्रमेश आळे, कवीदास काठमोडे आणि विकास सोयाम. ‘मिशन शौर्य’ या नावाने ही पाच नावं राज्यभर पोचली.

तेव्हापासून एक वाक्य हमखास ऐकू येतं: आदिवासी पोरं मुळातच काटक, डोंगर त्यांच्या रक्तातच असतो. कौतुकानेच म्हटलेलं असतं, पण मला ते पटत नाही. समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवरच्या जिल्ह्यात वाढलेल्या मुलाच्या रक्तात आठ हजार मीटर कुठून येणार? एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब आपल्याकडच्या साधारण एक तृतीयांश असतो. पाणी सत्तर अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे शरीर हळूहळू खचतच जातं, आणि सागवनात वाढला म्हणून कोणी त्याला अपवाद ठरत नाही. या मुलांकडे होतं ते शिकून मिळवलेलं होतं, आणि म्हणूनच ते मोलाचं आहे.

बर्फावरच्या खेळात जन्मगावाचं महत्त्व फार. आरिफ खान 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताचा एकमेव खेळाडू म्हणून गेला आणि अल्पाइन स्कीइंगच्या जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा आला. तो गुलमर्गजवळच्या तंगमर्गचा. वडिलांचं स्कीच्या सामानाचं दुकान, आणि लहानपणापासून पायाखाली बर्फाचा उतार. महाराष्ट्राला असा उतारच नाही. आपल्या गिर्यारोहणाने सह्याद्रीच्या कातळावर हात घट्ट केले. 1998 मध्ये पुण्याच्या सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्ट सर केलं. 2009 मध्ये कृष्णा पाटील एकोणिसाव्या वर्षी वर पोचली. 2012 मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली ‘गिरिप्रेमी’चा मोठा संघ गेला. यामागे क्लब होते, शनिवार-रविवारच्या मोहिमा होत्या, वर्गणी गोळा करणारे मित्र होते. विदर्भातल्या, त्यातही चंद्रपूरच्या राजुरा-जिवतीकडच्या मुलाला यातलं काहीच हाताशी नव्हतं.

वाट दाखवणारं उदाहरण सीमेपलीकडचं होतं. निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची मालावत पूर्णा, सरकारी वसतिशाळेत शिकणारी आदिवासी मुलगी. तेलंगण राज्य अस्तित्वात यायला आठवडाभर उरला असताना, 25 मे 2014 रोजी, ती एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी होती. वय चौदाच्या आत. तिचा पहिला सराव भोनगीरच्या प्रचंड काळ्या कातळावर झाला होता. वसतिशाळेतल्या मुलीला नीट शिकवलं तर ती कुठवर जाते, हे त्या एका चढाईने दाखवलं.

चंद्रपूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी आशुतोष सलिल यांनी ही कल्पना उचलून धरली आणि आदिवासी विकास विभाग पाठीशी उभा राहिला. बोर्डा, देवाडा, जिवती इथल्या शासकीय आश्रमशाळांमधून मुलं निवडली गेली. प्रशिक्षण ऑगस्ट 2017 मध्ये सुरू झालं. वर्धा, मग हैदराबाद, मग दार्जिलिंग, मग लेह-लडाख. या क्रमातच सगळं गणित आहे. धावणं आणि दम वाढवणं आधी. नंतर कातळ, म्हणजे दोर, गाठी, हार्नेस आणि उंचीची भीती. दार्जिलिंगला हिमालयीन गिर्यारोहणाची ओळख. तेनसिंग नोर्गे ज्या संस्थेत शिकवत ती तिथलीच, एव्हरेस्टच्या पहिल्या चढाईनंतरच्या वर्षी, 1954 साली स्थापन झालेली. आणि शेवटी लडाखची थंडी, कारण बुटांना क्रॅम्पॉनचे काटे लावून बर्फावर चालणं आणि बधिर झालेल्या बोटांनी दोर पकडणारं जुमार वर सरकवणं हे वर्ध्याला शिकवता येत नाही. जेमतेम आठ-नऊ महिन्यांत हे सगळं. मला तरी ही मुलं काटक असण्यापेक्षा तरबेज विद्यार्थी असण्याचंच जास्त अप्रूप वाटतं.

एप्रिलमध्ये दहा मुलांची मोहीम निघाली. एव्हरेस्टवर आठवडेच्या आठवडे शिखराकडे पाठ फिरवण्यातच जातात. वरच्या छावणीवर जायचं, खाली येऊन झोपायचं, पुन्हा थोडं अधिक वर जायचं. तेवढ्यात रक्तात तांबड्या पेशी वाढतात आणि विरळ हवेत निभावण्याची तयारी होते. मग थांबायचं ते वाऱ्यासाठी. हिवाळाभर माथ्यावर आदळणारा जेट प्रवाह मेमध्ये उत्तरेकडे सरकतो आणि मान्सूनचा हिमवर्षाव सुरू होण्याआधी काही शांत दिवस मिळतात. आपल्याकडे ज्या पावसाची वाट बघायची, तो पोचायच्या आत तिथून उतरायचं असतं. 2018 मध्ये ही उघडीप नेहमीपेक्षा लांबली आणि त्या हंगामात आठशेच्या आसपास माणसं शिखरावर पोचली.

चंद्रपूरच्या या दहा जणांपैकी पाच माथ्यावर गेले, पाच गेले नाहीत. सत्कारात पहिल्या पाचांची नावं गाजली, आणि त्याच महिन्यातल्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही ती घेतली. पण राहिलेल्या पाचांचं शिक्षणही तेवढंच झालं होतं. एव्हरेस्टवरचे कितीतरी मृत्यू माथा गाठून उतरताना झालेले आहेत. कुठून मागे वळायचं हे कळणं हाही गिर्यारोहणाचाच भाग. ही मोहीम पाच जणांची म्हणून सांगितली जाते तेव्हा ती अर्धीच सांगितली जाते.

आश्रमशाळा म्हटलं की वर्तमानपत्रात सहसा दुसऱ्याच बातम्या येतात: गळकी छपरं, सर्पदंश, आजारी मुलं. त्या खऱ्या आहेत आणि त्यांचा पाठपुरावा व्हायलाच हवा. त्याच व्यवस्थेने एकदा मनावर घेतलं, पैसा वेळेवर दिला आणि उत्तम शिक्षक बोलावले, तर काय घडतं तेही याच जिल्ह्याने पाहिलं आहे. 2019 मध्ये ‘मिशन शौर्य-2’ झालं, त्यात राज्यातल्या इतर भागांतल्या आश्रमशाळांची मुलंही होती.

पण एव्हरेस्ट हा खर्चिक आणि एकदाचा प्रकार आहे. गिर्यारोहणात टिकायचं तर बेसिक, मग ॲडव्हान्स्ड, आणि त्यानंतर प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. दार्जिलिंग आणि उत्तरकाशीच्या संस्थांत त्या आहेत. दरवर्षी चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मोजक्या मुलामुलींचा बेसिकचा खर्च उचलणं हे एका एव्हरेस्ट मोहिमेच्या तुलनेत अगदी किरकोळ काम. त्यातली दोघं-तिघं प्रशिक्षक होऊन परतली, तर आश्रमशाळेच्या पुढच्या तुकडीला दोराची पहिली गाठ तिच्याच गोंडी-कोलामीत शिकवता येईल, आणि सरावासाठी जिवतीचं माणिकगडाचं पठार समोरच आहे.