भूगर्भशास्त्राचे उमेदवार आणि आपली विहीर

सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष कामावरील उमेदवारीवर भर दिला आहे. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याचें काम ओढ्याकांठीं व विहिरींवर चालतें. म्हणून त्याचा एक गुरु महाविद्यालयांत, तर दुसरा बांधावर असला पाहिजे. ढोकी भागांतील शेतकरी बंधूंनीं हें दुसरें गुरुपद कसें सांभाळावें, याचा येथें विचार करूं.

आपलें तेरणा खोरें सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याच्या थरांवर वसलें आहे. कठीण काळ्या पाषाणांत पाणी केवळ भेगांतून येतें. मुरमांत व सच्छिद्र मांजऱ्या खडकांत तें अधिक सांठतें. म्हणूनच एका विहिरीस झरा लागतो आणि शंभर पावलांवरील बोअर कोरडी जाते. हा भेद न समजतां बोअर घेणें म्हणजे कर्जाचा पैसा मातींत घालणें होय.

मार्गदर्शनाचा एक भाग ताठर असावा, तो मोजणीचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत घेते. तुलनेसाठीं तेच महिने धरावे. पंप सुरू होण्यापूर्वीं, कठड्यावरील एकाच खुणेपासून मोजावें व कठड्याची उंची वजा करावी. महसुली दप्तरांत तारखेवांचून नोंद निरुपयोगी असते. येथेंही तारीख, वेळ व गट क्रमांक जागेवरच लिहावा.

दुसरा भाग मात्र विद्यार्थी पाहून बदलावा. ज्यास खडक ओळखतां येतो पण गांवकऱ्यांशीं बोलतां येत नाहीं, त्यास विहिरी खोदलेल्या वृद्धांकडे न्यावें. ज्यास बोलतां येतें पण थर कळत नाहींत, त्यास ओढ्याची दरड दाखवावी. त्याची परीक्षा व आपली सोयाबीनची काढणी यांचे दिवस आधींच सांगून काम मागेंपुढें करावें. विहिरींत एकट्यास कधींही उतरूं देऊं नये.

विद्यार्थी परत जाण्यापूर्वीं नोंदींची एक प्रत विहीरमालकानें व एक ग्रामपंचायतीनें अवश्य घ्यावी. पुढील उमेदवारानें तेथूनच आरंभ करावा. अशी वही पांच वर्षें चालली, तर यंदा ऊस लावावा कीं हरभऱ्यावर भागवावें, याचा निर्णय अंदाजावर न राहतां आंकड्यांवर होईल.