पडद्यातलं गाव (भाग ६) : दिवस मावळायच्या आत

ऑक्टोबरात उंब्रजच्या बाजूला, तारळी जिथे कृष्णेला मिळते त्या टापूत, सोयाबीनची मळणी उरकत आलेली असते. मळलेला माल तसाच पोत्यात भरला तर त्याला बुरशी धरते, आणि ओलावा दिसला की व्यापारी भाव पाडतो. म्हणून तो उन्हात पसरावा लागतो. एवढी सपाट, कोरडी जागा प्रत्येकाच्या अंगणात कुठून असणार? मग देवळापुढचं पटांगण, सुट्टी असेल तर शाळेचं मैदान, नाहीतर रस्त्याची कड. ताडपत्री अंथरायची, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि तासा-दोन तासांनी अनवाणी पाय घासत दाण्यांतून फिरायचं, म्हणजे खालचा दाणा वर येतो. शेजारी दुसऱ्याची ताडपत्री आली की पहिला आपली थोडी आत ओढून घेतो. दिवस मावळायच्या आत माल घमेल्याने भरून घरी न्यायचा, कारण उद्या तिथे दुसऱ्या कुणाचा तरी पसरायचा असतो. (रस्त्याच्या कडेचं समर्थन मात्र करता येत नाही. सोयाबीनच्या दाण्यांवरून दुचाकी घसरते आणि माणसं जायबंदी होतात.)

हा नियम ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेला नसतो, तरी लहान पोरालाही तो ठाऊक असतो. पडद्यातल्या गावांना, म्हणजे संगणकावरच्या आभासी जगांना, हाच नियम कोऱ्या पाटीवरून शिकावा लागला, आणि तिथे त्याची किंमतही बरीच मोजावी लागली.

'सेकंड लाइफ' हे आभासी जग सान फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब कंपनीने जून २००३ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. तिथली घरं, झाडं, कपडे, गाड्या बहुतेक रहिवाशांनीच बनवलेल्या. पण बनवायला जागा लागते आणि जागेला पैसे पडतात. ज्याची स्वतःची जमीन नाही त्याने शिकायचं कुठे? त्यासाठी 'सँडबॉक्स' नावाची मोकळी पटांगणं ठेवलेली आहेत. कुणीही यावं, हवं ते उभारावं, मोडावं, पुन्हा उभारावं. ठरलेले तास भरले की तिथे ठेवलेली वस्तू आपोआप मालकाकडे परत जाते. ती नष्ट होत नाही. मालकाच्या सामानात 'हरवले-सापडले' नावाचा एक कप्पा असतो, त्यात ती जाऊन पडते. पहिल्यांदा असं होतं तेव्हा माणूस गोंधळतो. रात्री जागून बांधलेला वाडा सकाळी जागेवर नसतो, तिथे रिकामी वाळू असते आणि शेजारी कुणीतरी नवखा जहाजाचा सांगाडा जुळवत बसलेला असतो.

ही सक्ती कशासाठी, ते आकड्यांत पाहिलं की पटतं. सेकंड लाइफचा एक प्रदेश म्हणजे २५६ मीटर लांब आणि तेवढाच रुंद चौरस. त्यातल्या वस्तू 'प्रिम' नावाच्या ठोकळ्यांपासून बनतात, आणि पूर्वी एका पूर्ण प्रदेशात १५ हजार प्रिम मावत. एकाने पुतळ्यांची रांग लावून ते संपवले, तर मागून येणाऱ्याला एक वीटही ठेवता येत नाही. जमीन मोकळी दिसते, पण ती भरलेली असते. त्याहून कठीण गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. वस्तूंना हालचाल देणारे जे छोटे प्रोग्राम असतात, ते सगळे एकाच सर्व्हरचा वेळ वाटून घेतात. कुणी भारंभार प्रोग्राम चालवले की त्या प्रदेशातल्या प्रत्येकाची चाल मंदावते, पाऊल उचललेलं तसंच हवेत राहतं. पाटाच्या तोंडाशी असलेल्याने दारं रात्रभर उघडी ठेवली की शेवटच्या रानाला पाणी पोचत नाही. कृष्णाकाठच्या माणसाला पाणीपाळी समजते, त्यामुळे सर्व्हरचं गणितही त्याला वेगळं शिकवावं लागणार नाही.

१९ नोव्हेंबर २००६ रोजी हे गणित साऱ्या सेकंड लाइफने एकदम अनुभवलं. कुणीतरी सोनेरी कड्या सोडल्या. स्पर्श झाला की एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा त्या वाढत गेल्या आणि एका प्रदेशातून दुसऱ्यात पसरल्या. सर्व्हर गुदमरले. कंपनीला काही काळ लोकांचा प्रवेश बंद ठेवून झाडलोट करावी लागली.

कड्यांचा हल्ला निदान उघड होता. त्यानंतरचा उपद्रव नियमाच्या चौकटीत बसून चालला, म्हणून तो जास्त शिकवून जातो. सेकंड लाइफमध्ये जमिनीचा सर्वांत लहान तुकडा १६ चौरस मीटरचा, म्हणजे चार बाय चारचा. काहींनी असे शेकडो तुकडे विकत घेतले आणि त्यांवर गरगर फिरणारे, झगमगणारे जाहिरातींचे खांब उभे केले. ज्याने मेहनतीने समुद्रकाठी घर बांधलं, त्याच्या खिडकीसमोर असा खांब आला. खांब नको असेल तर तो तुकडा अव्वाच्या सव्वा किमतीला विकत घ्या, हा त्यामागचा डाव होता. जमीन खांबवाल्याची, पैसे त्याने भरलेले, मग गुन्हा कोणता? २००८ मध्ये लिंडन लॅबने याला आवर घालणारं धोरण आणलं. क्षितिजाची मालकी कुणाच्याच कागदावर नव्हती, तरी ते सगळ्यांचं होतं, हे कंपनीने मान्य केलं. उशिरा केलं, पण केलं. आपल्याकडे चौकाचौकांत वाढदिवसांचे फलक लागतात, तेव्हा तेच क्षितिज झाकलं जातं आणि त्याबद्दल बोलायला कुणी पुढे येत नाही.

नियम करायचे कुणी, हा प्रश्न या जगांना अगदी सुरुवातीपासून पडला आहे. १९८६ मध्ये लुकासफिल्मने 'हॅबिटॅट' नावाचं जग कमोडोर ६४ संगणकांवर, फोनच्या तारांवरून चालवून पाहिलं. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर हे त्याचे रचनाकार. लोक एकमेकांना लुटू लागले, मारू लागले. काहींना ती मजा वाटे, काहींना जाच. अखेर तोडगा निघाला तो गावाच्या वेशीवर: वेशीच्या आत शस्त्र चालणार नाही, बाहेरच्या रानात चालेल.

नव्वदच्या दशकारंभी पावेल कर्टिस यांनी झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत 'लँबडामू' उभं केलं. तिथे चित्रं नव्हती, सगळं शब्दांतलं. नवा माणूस कोटांच्या कपाटात उगवायचा आणि दार उघडून दिवाणखान्यात यायचा. तोच तिथला पार. इथेही प्रत्येकाला बांधायला ठरावीक कोटा होता. वाढीव हवा असेल तर रहिवाशांचीच एक समिती अर्ज पाहायची. याच दिवाणखान्यात १९९३ मध्ये एका वापरकर्त्याने इतरांच्या पात्रांवर शब्दांतून अत्याचार केला. ज्युलियन डिबेल यांनी त्यावर त्याच वर्षी लिहिलेला लेख आजही अभ्यासला जातो. व्यवस्थापकांनी आधीच जाहीर केलं होतं की सामाजिक भांडणांत ते पडणार नाहीत. या प्रकरणानंतर मात्र अर्ज आणि मतदानाची पद्धत आणावी लागली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते कुरणं, जंगलं आणि पाट गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कसे सांभाळले याच्या अभ्यासासाठी. नियम पाळणाऱ्यांचा नियम बनवण्यात हात हवा आणि पहिल्या चुकीला शिक्षा हलकी हवी, असं त्यांच्या मांडणीत येतं. सँडबॉक्समधून परत येणारी वस्तू ही अशीच हलकी शिक्षा आहे. माल जप्त होत नाही, फक्त जागा मोकळी होते.

इथवर सगळं ताडपत्रीच्या आकाराबद्दल झालं. पण ताडपत्री अंथरायला कुणाला येऊ दिलं जातं?

उंब्रजहून कृष्णा ओलांडली की थोड्याच अंतरावर मसूर. १९०१ मध्ये मसूरच्या रेल्वे स्थानकावर साताऱ्याहून आलेली काही मुलं उतरली. त्यांत लहानगा भीमराव आंबेडकर होता. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते, त्यांच्याकडे ही मुलं निघालेली. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरकला. गाडीवाले बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान शेजारून चालणार, असं ठरलं. बरोबर जेवण होतं, पाणी नव्हतं. रात्री नाक्यावर पोचल्यावर गाडीवानाने सुचवलं की आपण मुसलमान आहोत असं सांगा. तसं सांगूनही नाकेदाराने पाणी दिलं नाही. पाण्यावाचून मुलं उपाशीच झोपली. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे. स्थानक सार्वजनिक होतं, रस्ता सार्वजनिक होता. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे कागदोपत्री सर्वांना खुले झाले. तरी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला.

पडद्यातल्या चौकातही दार उघडं असतं आणि तरी काहींना परत फिरावं लागतं. मेटा कंपनीच्या 'होरायझन वर्ल्ड्‌स'मध्ये डिसेंबर २०२१ च्या सुमारास एका स्त्रीने तक्रार केली की तिथल्या सार्वजनिक चौकात तिच्या पात्राशी लगट झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने प्रत्येक पात्राभोवती अदृश्य कडं घातलं. दोन पात्रांत साधारण चार फुटांचं अंतर आपोआप राहू लागलं. उपाय हवाच होता. पण त्या कड्याने चौकात कुणाची दहशत चालते हे बदलत नाही. गावच्या पारावर कुणी बायकांना मज्जाव केलेला नसतो, तरी किती गावांत बायका पारावर बसलेल्या दिसतात? सँडबॉक्समध्ये एखादी मुलगी दोनदा येऊन तिसऱ्यांदा आली नाही, तर तिची वस्तू कोणत्याच कप्प्यात परत आलेली दिसत नाही. ती गेल्याची नोंदच होत नाही.

आणखी एक फरक आहे, तो सर्वांत मोठा. २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवून त्या गावाला परत द्यायला राज्यांना सांगितलं. गायरानावर कुणी कुंपण घातलं, तर गावकऱ्याला तलाठ्याकडे, तहसीलदाराकडे, कोर्टात जाता येतं. पडद्यातल्या गावाचा सातबारा मात्र कंपनीच्या नावावर असतो. गूगलचं 'लाइव्हली' २००८ मध्ये काही महिन्यांतच, ३१ डिसेंबरला बंद झालं. 'देअर' हे जग मार्च २०१० मध्ये बंद झालं, ते पुढे पुन्हा सुरू झालं. तिथल्या चौकांत रोज भेटणाऱ्यांनी ग्रामसभा भरवली असती, तरी तिचा ठराव कुठे नेऊन द्यायचा हे कुणाला सांगता आलं नसतं.

लँबडामू मात्र आजही चालू आहे. दिवाणखाना तोच आहे, नवा माणूस आजही कोटांच्या कपाटातूनच येतो.

(पुढच्या भागात : पडद्यातला बाजार आणि लिंडन डॉलर)