कोलेस्टेरॉलची गोळी आणि पायांचे दुखणे : बंद करण्याआधी एवढे वाचा



वर्षावासात आमच्या भागातल्या विहारांमध्ये संध्याकाळी ग्रंथवाचन असते. वाचन संपले तरी उपासिका लगेच उठत नाहीत. कुणी पिशवीतून बीपीचे कागद काढते, कुणी शुगरचा रिपोर्ट. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षे वॉर्डात काम केले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे विचारायला कुणी लाजत नाही. हल्ली एक प्रश्न कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत सारखा कानावर येतो : "सिस्टर, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यापासून मांड्या भरून येतात, पोटऱ्या ओढतात. बंद करू का?"

आमचे उत्तर आधीच सांगतो. आपल्या मनाने बंद करू नका, आणि मुकाट्याने सोसतही बसू नका. या दोन्हींच्या मधे एक वाट आहे. ती आज नीट समजून घेऊ.

एका काकांची गोष्ट

आमच्या ओळखीचे एक काका. आयुष्यभर रेल्वेच्या रुळांवर काम केलेले, निवृत्त झाल्यावर हार्ट अटॅक आला आणि स्टेंट बसला. घरी आल्यावर काही आठवड्यांत पाय दुखू लागले. शेजारच्याने सांगितले, "ती चरबीची गोळी असते ना, तिच्यानेच होते." काकांनी रात्रीची कॅप्सूल बंद केली. पाय जरा हलके वाटले. घरच्यांनाही बरे वाटले.

दोन महिन्यांनी पहाटे पुन्हा छातीत कळ आली. काका वाचले, पण हृदयाची ताकद कमी झाली ती झालीच. आता विहाराच्या चार पायऱ्या चढतानाही ते थांबतात.

नंतर आम्ही त्यांच्या कॅप्सूलचे पाकीट पाहिले. त्या एकाच कॅप्सूलमध्ये तीन औषधे होती. एक कोलेस्टेरॉलचे आणि दोन रक्त पातळ ठेवणारी. काकांना वाटले, आपण फक्त चरबीची गोळी सोडली. प्रत्यक्षात नवा स्टेंट उघडा ठेवणारी औषधेही त्याच दिवशी सुटली होती. एका कॅप्सूलमध्ये तीन औषधे आहेत, हे त्यांना कुणीच समजावून सांगितले नव्हते.

म्हणून पहिले काम हे करा. आपले पाकीट उजेडात धरून वाचा, नाहीतर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्या. नावाच्या शेवटी 'स्टॅटिन' असेल, म्हणजे अॅटोरव्हास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन असे काही, तर ती कोलेस्टेरॉलची गोळी. सोबत अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल लिहिले असेल, तर ती रक्त पातळ ठेवणारी औषधे. ती मनाने बंद करणे जिवावर बेतू शकते.

ही गोळी करते काय?

कोलेस्टेरॉल आपले यकृत, म्हणजे लिव्हर, रोज तयार करत असते. शरीराला ते लागतेच. पण रक्तात जास्त झाले की रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीत थर बसतो. एखादा थर फुटला की त्यावर रक्ताची गाठ धरते आणि वाट बंद होते. हृदयात झाले तर अटॅक, मेंदूत झाले तर लकवा.

स्टॅटिन यकृतातले हे उत्पादन कमी करते आणि आधी बसलेला थर फुटण्याचा धोकाही कमी करते. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून या जातीचे पहिले औषध शोधले. १९८७ मध्ये या गटातले पहिले औषध अमेरिकेत विक्रीला आले. आज आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत अॅटोरव्हास्टॅटिन आहे.

अडचण अशी, की गोळीचा फायदा अंगाला जाणवत नाही. जो अटॅक आला नाही, तो दिसणार कसा? दुखणे मात्र रोज जाणवते. म्हणून गोळी नको वाटते. ज्यांना अटॅक येऊन गेला, लकवा झाला, स्टेंट किंवा बायपास झाली, त्यांच्यासाठी ही गोळी सर्वांत जास्त मोलाची आहे, आणि सोडण्याचा तोटाही त्यांनाच सर्वांत जास्त.

दुखणे गोळीचे की दुसऱ्या कशाचे?

गोळीमुळे येणारे दुखणे साधारण असे असते :

• दोन्ही बाजूंना सारखे दुखते. एकच गुडघा किंवा एकच खांदा नव्हे.
• मोठे स्नायू दुखतात : मांड्या, कुल्हे, पोटऱ्या, खांदे. सांधा नव्हे, मांस दुखते.
• गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत सुरू होते.
• डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी थांबवली, तर बहुधा दोन ते चार आठवड्यांत कमी होते.

आता आपल्याकडचे दुसरे चित्र बघा. जुलैत मावळात भातलावणी असते. दिवसभर चिखलात वाकून रोपे लावल्यावर कंबर आणि मांड्या दुखणारच. लोणावळ्यात हॉटेलात, बंगल्यांवर लाद्या पुसणाऱ्या, चिक्कीच्या पॅकिंगला दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायांचे पाय गोळी नसतानाही भरून येतात. वर्षातून एकदा कार्ल्याची किंवा भाज्याची लेणी चढलो, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात आणि मग आपोआप सुटतात. कमरेपासून एकाच पायात कळ जाते, मुंग्या येतात, तेव्हा नस दबलेली असू शकते. जुनी शुगर असेल तर तळव्यांची आग होते. हे सगळे गोळीच्या नावावर टाकून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट बायकांनी खास लक्षात ठेवावी. थायरॉइड कमी काम करत असेल तर अंग दुखते, थकवा येतो, आणि कोलेस्टेरॉलही वाढते. म्हणजे मूळ आजार थायरॉइडचा असू शकतो. अशा अंगात स्टॅटिनचे दुखणे होण्याची शक्यताही जास्त असते. ड जीवनसत्त्व कमी असले तरी हाडे-स्नायू दुखतात.

तपासून पाहिल्यावर काय दिसले?

ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, ही आपली शिकवण. या दुखण्याचीही तशी तपासणी झाली आहे.

लंडनमध्ये त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना एकेका महिन्याच्या १२ बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत खरी गोळी, चारमध्ये दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, आणि चार रिकाम्या. कोणत्या गोळीत औषध आहे, हे त्यांना सांगितले नव्हते. त्यांनी रोजचा त्रास नोंदवला. २०२० मध्ये निष्कर्ष आला. रिकाम्या महिन्यांत त्रास कमी होता. पण खऱ्या गोळीने जेवढा त्रास वाढला, त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही वाढला. हे कळल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

२०२२ मध्ये १९ मोठ्या चाचण्यांतील सुमारे १ लाख २४ हजार लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. स्नायू दुखण्याची किंवा अशक्तपणाची तक्रार स्टॅटिन घेणाऱ्यांत २७.१ टक्के, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २६.६ टक्के. पहिल्या वर्षात दर हजारी सुमारे ११ जणांना गोळीमुळे जास्तीचा त्रास झाला, आणि तोही बहुतेकांना सौम्य होता.

याचा अर्थ तुमचे दुखणे खोटे आहे, असा मुळीच नाही. दुखणे खरेच असते. प्रश्न त्याच्या कारणाचा आहे. भीती बसली की शरीर बारीक कळही मोठी करून दाखवते. आणि हजारातल्या त्या अकरांत आपण असू, तर तेही शोधून काढलेच पाहिजे.

गजकर्णाची गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी

आमच्या तालुक्यात पाऊस धो-धो. कपडे वाळत नाहीत, पायांना चिखल्या होतात, जांघेत गजकर्ण पसरते. एका ताईंना असेच झाले. त्या आधीपासून अॅटोरव्हास्टॅटिन घेत होत्या, काही त्रास नव्हता. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून गजकर्णाच्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आणल्या. काही दिवसांनी त्यांना पाटावरून हात टेकल्याशिवाय उठता येईना. घरचे म्हणाले, वय झाले. वय होते बेचाळीस.

झाले असे, की इट्राकोनॅझोल यकृतातली अॅटोरव्हास्टॅटिन बाहेर टाकण्याची क्रिया अडवते. रोजचीच गोळी, पण रक्तात तिचे प्रमाण कितीतरी वाढते. डॉक्टरांनी दोन्ही थांबवून रक्त तपासले, तेव्हा उलगडा झाला. गजकर्णावर मलम दिले. पुढे कोलेस्टेरॉलची गोळी कमी डोसने पुन्हा सुरू केली. आज ताई कामावर जातात.

असा मेळ न बसणारी आणखी औषधे आहेत. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स, बीपी-हृदयाची डिल्टियाझेम व व्हेरापामिल, ट्रायग्लिसराइडसाठीच्या फायब्रेट गटातल्या गोळ्या, एचआयव्हीच्या उपचारातली काही औषधे. म्हणून दाखवायचे कारण सर्दीचे असो वा खरजेचे, "मी कोलेस्टेरॉलची गोळी घेते" हे वाक्य प्रत्येक डॉक्टरला आणि मेडिकलवाल्याला सांगा.

डॉक्टरकडे जाताना

एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या :

१. गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला.
२. दुखणे कधी सुरू झाले, नेमके कुठे, एका बाजूला की दोन्ही.
३. सध्या चालू असलेली सगळी औषधे. पुड्या, काढे, अंगदुखीच्या गोळ्याही. पाकिटेच पिशवीत घालून न्या.
४. दारू, थायरॉइड, किडनी, लिव्हरचा काही त्रास, आणि अलीकडे पडलेले जास्त श्रम.

मग विचारा : "सीके तपासायची गरज आहे का? थायरॉइड आणि किडनी बघायची का?" सीके ही रक्ताची तपासणी. स्नायूला इजा झाली की सीके वाढते. जड काम केल्यावरही ती वाढते, म्हणून तपासणीच्या आधी दोन दिवस अंगमेहनत टाळता आली तर बरे, आणि नाही टाळता आली तर डॉक्टरांना तसे सांगा.

डॉक्टरांपुढे मार्ग बरेच असतात. काही आठवडे गोळी थांबवून पाहणे. डोस कमी करणे. दुसरे स्टॅटिन देणे. काहींना एक दिवसाआड गोळी देणे. इझेटिमिब नावाची वेगळ्या प्रकारची गोळी जोडणे. रोसुवास्टॅटिनचे रक्तातले प्रमाण आशियाई लोकांत जास्त चढते, म्हणून ती कमी डोसने सुरू करणे चांगले. एका गोळीने त्रास झालेल्या बहुतेकांना दुसरी गोळी किंवा कमी डोस मानवतो. कोएन्झाइम क्यू-१० नावाच्या महाग गोळ्यांनी हे दुखणे थांबते, असे पक्के सिद्ध झालेले नाही. त्यावर पैसे घालण्याची घाई नको.

राज्य आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. कार्ल्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र असो वा कान्हे फाट्याचे सरकारी रुग्णालय, तिथे जाऊन विचारा. एखादी तपासणी तिथे होत नसेल तर मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मागा. आशाताईंना सोबत घ्या. "एवढे काय दुखते" म्हणून कुणी उडवून लावले, तर कागद पुढे करा आणि शांतपणे पुन्हा विचारा. आपल्या शरीरात कोणते औषध जाते आणि कशासाठी, हे विचारणे हा आपला हक्क आहे. उपकार नव्हे.

या वेळी थांबू नका

लघवी गडद तपकिरी, काळ्या चहासारखी झाली. अंगात असह्य दुखते. पाटावरून उठता येत नाही, हात वर उचलत नाही. सोबत ताप किंवा उलट्या आहेत. डोळे पिवळे दिसतात. यातले काहीही झाले तर पुढची गोळी घेऊ नका, पण सोबतची बाकी औषधे मनाने सोडू नका, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिन्ही औषधांची एकच कॅप्सूल असेल तर रुग्णालयात पोचताच पाकीट दाखवा. गरज पडली तर १०८ ला फोन करा. स्नायू विरघळून त्याचा भार किडनीवर येण्याचा हा आजार फारच क्वचित होतो, पण झाला तर वेळ महत्त्वाची.

घरी काय करावे?

मेडिकलमधून रोज अंगदुखीची गोळी आणून खाऊ नका. त्या गोळ्या किडनी आणि हृदय दोन्हींना त्रास देतात, आणि स्टेंटवाल्यांना जास्तच. बाजारात गुण येणारी म्हणून विकतात त्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. चालणे बंद करू नका, पण एकदम जोरही लावू नका. रोज थोडे, हळूहळू वाढवत. कामाच्या मधे पाणी पीत राहा. गरम पाण्याने शेकल्याने आराम पडतो. दारू स्नायूलाही मारते आणि लिव्हरलाही, ती सोडलीच पाहिजे.

पुढच्या रविवारी वंदनेला येताना घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या गोळ्यांची पाकिटे सोबत आणा. वाचन झाले की बसू आणि एकेक नाव मोठ्याने वाचू. आमच्या काकांच्या घरी हे आधी झाले असते, तर बरे झाले असते.