शेवटचा शब्द कुणाचा?

जपानमध्ये चित्रकथांना मांगा म्हणतात. तिथे आजोबाही त्या वाचतात आणि नातूही. एखाद्या लाडक्या मांगावर जिवंत नटांना घेऊन चित्रपट निघणार अशी नुसती बातमी आली, तरी चाहत्यांमध्ये वादळ उठते. चित्रीकरण सुरू व्हायच्या आधीच भांडणे लागतात. अमुक पात्र कोण करणार? कथेतले काय गाळणार? शेवट बदलणार काय? पुण्यातल्या आमच्या वस्त्यांमधून कॉलेजात जाणारी पोरेही आता या चित्रकथा वाचतात आणि या भांडणात हिरीरीने उतरतात. काही वडीलधाऱ्यांना हे पोरकट वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. या पोरांच्या भांडणात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आमच्या चळवळीचाही प्रश्न आहे.

आधी तिकडचे पाहू. 'ड्रॅगन बॉल' या गाजलेल्या मांगावर २००९ साली हॉलिवूडने चित्रपट काढला. मूळ लेखक अकिरा तोरियामा यांनी पटकथेबद्दल सूचना केल्या होत्या. त्या ऐकल्या गेल्या नाहीत, असे त्यांनीच पुढे सांगितले. चित्रपट आपटला आणि चाहते आजही त्याचे नाव काढले की चिडतात. २०१७ साली 'घोस्ट इन द शेल' आला. जपानी कथेतली नायिका गोऱ्या अमेरिकन नटीने केली म्हणून जगभर टीका झाली. मग 'वन पीस'वर मालिका निघणार असे ठरले. चाहत्यांच्या पोटात गोळा आला. पण या वेळी एक गोष्ट वेगळी होती. लेखक एइचिरो ओडा यांचे समाधान झाल्याशिवाय मालिका दाखवायची नाही, हे निर्मात्यांनी मान्य केले होते आणि ओडांनी मे २०२३ मध्ये ते जाहीर केले. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस मालिका आली आणि बहुतेक चाहत्यांनी ती डोक्यावर घेतली. फरक कशाने पडला? शेवटचा शब्द ज्याची निर्मिती त्याच्या हातात राहिला, याने पडला.

आता प्रश्न असा, की ज्यांचा लेखक आज हयात नाही त्यांनी काय करायचे? जोतिराव नाहीत, सावित्रीमाई नाहीत, बाबासाहेब नाहीत, अण्णाभाऊ नाहीत. त्यांच्यावर चित्रपट निघतात, मालिका निघतात, पुढेही निघतील. तिथे शेवटचा शब्द कुणाचा?

पुणे शहराने या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी दिलेले आहे. १८५५ साली जोतिरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. भोळ्या कुणबी नवराबायकोला जोशी ग्रहदशेची भीती घालून कसा लुबाडतो आणि शेवटी ते दोघे शिकायला कसे निघतात, ही त्याची कथा. जोतिरावांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, हे जोतिरावांनी स्वतः 'गुलामगिरी'त नोंदवून ठेवले आहे. हे नाटक पुढे शंभराहून अधिक वर्षे छापले गेले नाही. म्हणजे शूद्रातिशूद्रांच्या जगण्यावर आमच्या माणसाने नाटक लिहिले आणि त्यावरचा शेवटचा शब्द मात्र ज्यांच्यावर नाटक होते त्यांनी उच्चारला. सेन्सॉर बोर्ड जन्माला यायच्या कितीतरी आधी पुण्यात सेन्सॉर बोर्ड होते!

त्यानंतर नव्याण्णव वर्षांनी, १९५४ साली, आचार्य अत्र्यांनी 'महात्मा फुले' हा चित्रपट काढला. बाबुराव पेंढारकर जोतिराव झाले, सुलोचनाबाई सावित्रीमाई झाल्या. मुहूर्ताला खुद्द बाबासाहेब हजर होते. ज्यांना त्यांनी आपले गुरू मानले, त्यांच्यावरचा चित्रपट सुरू होताना त्यांनी आपला आशीर्वाद दिला. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. अत्रे काही सत्यशोधक घराण्यातले नव्हते. तरी बाबासाहेबांनी अत्र्यांची जात पाहिली नाही. काम पाहिले. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आणि आता २०२५. अनंत महादेवन यांचा 'फुले' हा हिंदी चित्रपट ११ एप्रिलला, म्हणजे जोतिरावांच्या जयंतीला येणार होता. झलक दिसली मात्र, काही ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली. चित्रपट कुणी पाहिलेला नव्हता. चित्रपट परीक्षण मंडळाने प्रमाणपत्र दिले, पण बदल सुचवले. जातिव्यवस्था सांगणाऱ्या निवेदनातले 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला लावले. मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख काढायला लावला. तीन हजार वर्षांच्या गुलामीची 'कित्येक वर्षां'ची गुलामी झाली. कमरेला झाडू बांधलेल्या माणसाचे दृश्य बदलायला लावले. प्रदर्शन २५ एप्रिलवर गेले. पुण्यात गंज पेठेतल्या फुलेवाड्यावर ॲड. प्रकाश आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली वंचित बहुजन आघाडीने आंदोलन केले, ते याच कापाकापीविरुद्ध.

एकेक शब्द घेऊन विचार करा. झाडू कुठला? पेशव्यांच्या राजधानीत, याच पुण्यात, अस्पृश्याने आपली पाऊलखूण पुसण्यासाठी कमरेला झाडू बांधून चालायचे आणि थुंकीसाठी गळ्यात मडके अडकवायचे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन'मध्ये जगाला सांगितले. तो ग्रंथ दुकानात मिळतो. घरोघरी आहे. मग ग्रंथात चालणारा झाडू पडद्यावर का चालत नाही? कारण उघड आहे. ग्रंथ आम्ही वाचतो. पडदा सगळे पाहतात.

'महार' आणि 'मांग' हे शब्द कुणाचे? जोतिराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने १८५५ साली निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्याचा विषयच होता मांग-महारांचे दुःख. ज्या वर्षी गुरूचे नाटक कमिटीने नाकारले, त्याच वर्षी शिष्येचा निबंध छापला गेला. तिने हे शब्द शिवी म्हणून लिहिले नव्हते. आमचे नाव हे आहे, आमचे दुःख हे आहे आणि ते देणारे हे आहेत, असे तिने नाव घेऊन सांगितले. एकशे सत्तर वर्षांनी त्याच शाळेवरच्या चित्रपटातून तेच शब्द काढायला लावले जातात. जातीचे नाव काढले म्हणजे जात गेली, असे मंडळाला वाटते काय? जातीचे नाव काढले की फक्त जात करणारा सुटतो. दुःख उरते, पण ते कुणी दिले याचा पत्ता लागत नाही.

हे झाले त्यांचे. पण आमच्याकडेही आरसा धरला पाहिजे. शंकर यांनी १९४९ साली काढलेले व्यंगचित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात होते. बाबासाहेब गोगलगाईवर बसलेले आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू, असे ते चित्र. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. समाजाचा संताप खरा होता. वर्गात एकटाच बसलेला आमचा मुलगा, भोवतीची पोरे त्या चित्राकडे पाहून हसताहेत, ही कल्पनाच जिव्हारी लागणारी आहे. पुस्तकाचे सल्लागार प्रा. सुहास पळशीकर यांनी राजीनामा दिला होता. तरी दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातल्या त्यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. परिणाम काय झाला? पाठ्यपुस्तकात बाबासाहेब कसे शिकवावेत, घटना लिहायला किती कष्ट पडले हे कसे सांगावे, ही चर्चा तिथेच थांबली. दुसऱ्या दिवसापासून चर्चा फक्त फुटलेल्या काचांची सुरू झाली. आमचा मुद्दा बरोबर असूनही वर्तमानपत्रांत आम्ही आरोपी ठरलो. ज्या महामानवाने आयुष्यभर लेखणीने लढाई केली, त्याच्या चित्रासाठी खुर्च्या मोडणे हे त्याच्या अनुयायांना शोभणारे नव्हे.

मग आम्ही कशावर भांडायचे? नट कोण, यावर फार भांडू नये असे आमचे मत आहे. जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटात मल्याळी नट मामुट्टी बाबासाहेब झाले. मराठी नाही, आपला नाही, नुसता स्टार आहे, असे आक्षेप सहज घेता आले असते. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि आज जयंतीला वस्तीत पडदा लावून तोच चित्रपट दाखवला जातो. त्याच्या पटकथेच्या श्रेयनामावलीत सूनी तारापोरवाला आणि अरुण साधू यांच्याबरोबर दया पवार हे नाव आहे. 'बलुतं' लिहिणारा माणूस पटकथेच्या खोलीत बसलेला होता. आम्हाला नटाच्या चेहऱ्यापेक्षा ही खुर्ची महत्त्वाची वाटते.

अर्थात खुर्ची मिळाली म्हणजे सगळे मिळाले असेही नाही. सरकारी पैशातून झालेला हा चित्रपट २००० साली आला. तमिळ बोलीत तो लोकांसमोर यायला डिसेंबर २०१० उजाडला आणि त्यासाठी तिथल्या कार्यकर्त्यांना मद्रास उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. चित्रपट न कापताही दाबता येतो. डब्यात ठेवला की झाले. त्या डब्याचे झाकण उघडले ते मागे न हटणाऱ्या चाहत्यांनी. हीही प्रतिक्रियाच होती, पण कायद्याच्या वाटेने गेलेली.

चित्रकथेकडे परत येऊ. २०११ साली 'भीमायन' हे पुस्तक निघाले. बाबासाहेबांना पाण्यासाठी, निवाऱ्यासाठी सोसावा लागलेला अपमान दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी चित्रांत मांडला. त्यांनी परदेशी चित्रकथेच्या चौकटी घेतल्या नाहीत. सोसणाऱ्याचे, मायेचे बोलणे पक्ष्याच्या आकारात आले आणि विषारी बोलणे विंचवाच्या नांगीसह आले. कुठल्याही कला महाविद्यालयाने त्यांना हे शिकवले नव्हते. विंचू डसतो म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ही नांगी सुचते. तथागतांवर ओसामू तेझुका या जपानी चित्रकाराने १९७२ पासून दहाएक वर्षे खपून मांगा काढला. त्यातही तत्ता नावाचे अस्पृश्य पोर आहे. हजारो मैलांवरच्या माणसाला बुद्ध सांगताना अस्पृश्याला बाहेर ठेवता आले नाही. आणि आमच्या मंडळाला जोतिबा सांगताना त्याचे नावही नको!

म्हणून समाजबांधवांना, विशेषतः तरुणांना, आमचे सांगणे आहे. आपल्या महापुरुषावर, आपल्या पुस्तकावर चित्रपट निघणार अशी बातमी आली की चार प्रश्न विचारा. पटकथा कोण लिहितो आहे? त्याने मूळ ग्रंथ वाचले आहेत काय? कापले काय आणि कुणाच्या सांगण्यावरून? आणि पूर्ण झालेला चित्रपट खेड्यापाड्यात पोहोचणार कसा? हे प्रश्न लेखी विचारा, नाव घालून विचारा, उत्तर मिळेपर्यंत विचारा. चित्रपट चांगला असेल तर पहिल्या आठवड्यात तिकीट काढून पाहा, कारण दुसऱ्या आठवड्यात तो थिएटरात राहील याची खात्री नसते. वाईट असेल तर कुठे चुकला ते ग्रंथाच्या पानासह लिहा. जपानी समुद्री चाच्याच्या टोपीचा रंग चुकला तर रात्र जागवणाऱ्या पोरांनी जोतिबाच्या निवेदनातला शब्द गेला तेव्हाही तितकेच जागे राहावे, एवढीच अपेक्षा आहे.

कर्ता हयात नसेल तर शेवटचा शब्द त्याच्या वाचकांचा असतो. पण तो बजावायचा असेल तर आधी वाचक व्हावे लागते. मुक्ता साळवेचा निबंध चार-पाच पानांचा आहे. या रविवारी विहारात तो मोठ्याने वाचा, 'महार' आणि 'मांग' हे शब्द न गाळता. पडद्यावरून जे काढले गेले ते पोरांच्या कानावर तरी पडू द्या.