दुखणे एकाचे, खाडा दोघांचा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी संप, करार किंवा बोनस यांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. पंचवीस-तीस वर्षे मी तेच करीत आलो आहे. शाळा माझी सातवीला सुटली. पुढे जे शिकलो ते कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता आणि वाचनालयाच्या बाकावर बसून. परंतु आज मी आजारपणाविषयी बोलणार आहे. घरात मोठे दुखणे आले म्हणजे नवराबायकोने एकमेकांसाठी आणि मुलांसाठी वेळ कोठून आणायचा, हा माझा विषय आहे. हा प्रश्न मनाचा आहे असे आपण समजतो. माझे म्हणणे असे की, तो मनाचा आहे तितकाच हजेरीपुस्तकाचाही आहे.

वाघोलीच्या परिसराची ओळख पूर्वी दगडाच्या खाणी आणि खडी क्रशर यांनी होत असे. पुढे नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामे उभी राहिली आणि २०२१ मध्ये गाव पुणे महानगरपालिकेत गेले. अशाच एका गोदामात माल बांधण्याच्या कामावर असलेल्या एक बाई काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या. त्यांचा नवरा ठेकेदाराकडे गाडी चालवीत असे. एके सकाळी त्याची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा अडखळली. ठेकेदाराने त्याचे नाव विमा योजनेत घातलेच नव्हते. मला वाटले, बाई मदतनिधी मागायला आल्या असतील. त्या म्हणाल्या, "दादा, पैसे वाढवून नकोत. मला तेवढी पहिली पाळी मिळवून द्या. दुसऱ्या पाळीला मी घरी पोचते तेव्हा पोरं झोपलेली असतात, आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात."

खरे सांगतो, मी मनात म्हटले, ही काय मागणी! युनियनने पाळ्या बदलून द्यायच्या काय? ते माझे अज्ञान होते. ते कसे दूर झाले, हेच आता सांगतो.

प्रथम हे दुखणे समजून घेऊ. अर्धांगवायू म्हणजे मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटणे. कधी रक्तवाहिनीत गुठळी अडकते, तर कधी रक्तवाहिनीच फुटते. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूवर सत्ता चालविते, आणि बहुतेकांची वाचाही तिच्याकडेच असते. म्हणून उजवे अंग गेलेल्या माणसाचे बोलणेही पुष्कळदा जाते. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात वर न उचलणे, शब्द जड होणे, या तीन खुणा लक्षात ठेवा. गुठळी असेल तर ती विरघळविण्याचे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक ठरते, म्हणून आधी मेंदूचे सीटी स्कॅन करतात. तेव्हा अंगारे-धुपारे आणि तेलमालीश यांत हे तास घालवू नका.

हे झाले पहिल्या दिवसाचे. खरे दुखणे त्यानंतर सुरू होते. रोग्याला दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. घास भरविताना ठसका लागू नये म्हणून जपावे लागते. हातापायांचे व्यायाम रोज करून घ्यावे लागतात. यांतले काहीच डॉक्टर येऊन करीत नाही. ते घरचे माणूस करते, आणि बहुधा ते माणूस म्हणजे बायको असते.

आता मी तुम्हांला आपल्याच पुण्यातल्या एका घरात नेतो. मे १८८८ मध्ये मुंबईच्या लोकांनी जोतिराव फुले यांना 'महात्मा' ही पदवी दिली. दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. गुठळी विरघळविणारे औषध तर सोडाच, पण ती दाखविणारे यंत्रही तेव्हा जगात नव्हते. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. जोतिराव काही जन्माचे निर्धन नव्हते. ते ठेकेदारी करीत आणि धरणाच्या कामाला सामान पुरवीत. परंतु मिळवलेले शाळा, वसतिगृह आणि अनाथ मुले यांत खर्चून गेले होते. आजारपणात मामा परमानंद यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे मदतीसाठी पत्र लिहावे लागले.

त्यानंतर जोतिराव अठ्ठावीस महिने जगले. हे अठ्ठावीस महिने त्या घराने कसे घालविले ते पाहा. उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये छापून निघाले. हे पुस्तक प्रश्नोत्तरांचे आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्यांत एक नाव यशवंत जोतिराव फुले असे आहे. १८७४ मध्ये या दांपत्याने एका ब्राह्मण विधवेचे मूल दत्तक घेतले, तोच हा यशवंत. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी, म्हणजे झटक्यानंतर सात महिन्यांच्या आत, त्याच यशवंताचे लग्न ग्यानोबा ससाणे यांची कन्या राधा हिच्याशी सत्यशोधक पद्धतीने लागले. घरात बाप अर्धांगाने आजारी असतानाही त्या घरात सून आली, मंगलकार्य झाले आणि बापाने ते डोळ्यांनी पाहिले.

रोग्याला वळविणे, भरविणे, उठविणे हे त्या घरात कोणी केले असेल, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. सावित्रीबाई तेव्हा सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. दत्तक मुलाच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना त्या स्वतः त्या रोगाने गेल्या. त्यांच्या या धैर्याची आपण पूजा करतो. मी एवढेच विचारतो की, या बाईंना कोणाच्या गोदामात दुसऱ्या पाळीला हजर व्हावे लागले असते, तर ते पुस्तक झाले असते काय?

जोतिराव अंथरुणावर असतानाच त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांसाठी झगडत होते. १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून त्यांनी एक निवेदन तयार केले. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्यात पगारवाढ ही पहिली मागणी नव्हती. पहिली मागणी होती आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटीची. पुढे दुपारी अर्धा तास विश्रांतीची. आणखी एक मागणी अशी की, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जो कायमचा निकामी होईल त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी जोतिरावांनी डोळे मिटले.

हे वाचले तेव्हा त्या बाईंची मागणी मला कळली. आमच्या चळवळीचा आरंभच मुळी वेळेच्या मागणीने झाला होता, आणि मी तिला क्षुल्लक समजत होतो! मग आम्ही व्यवस्थापनाशी बोललो आणि तीन बैठकांनंतर पहिली पाळी मिळाली. नवरा पूर्ण बरा झाला नाही. पण दुपारी साडेतीनला बाई घरी पोचू लागल्या. संध्याकाळी नवऱ्याला काठीवर धरून दारापर्यंत चालवायचे, मुलांनी दोन्ही बाजूंनी आकडे मोजायचे, असा त्यांचा क्रम झाला. तो आता हळूहळू बोलतो. परंतु त्याला दवाखान्यात न्यावयाचे म्हणून बाईंनी जे खाडे केले, ते सगळे पगारातून कापले गेले.

येथे कायद्याची गोष्ट समजावून सांगणे माझे कर्तव्य आहे. १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना आली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ती सुरू झाली. तीत विमेदार कामगार आजारी पडला, तर वर्गणीच्या अटी पुऱ्या असल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळतो. क्षय, कर्करोग, अर्धांगवायू अशा ठरावीक दीर्घ दुखण्यांत ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. त्यासाठी मात्र निदान दोन वर्षे सलग विम्याची नोकरी झालेली असावी लागते. लोखंडे यांनी १८८४ मध्ये जे मागितले, त्याचे हे दूरचे फळ आहे.

पण दोन छिद्रे राहिली आहेत. पहिले असे की, ठेकेदाराने वर्गणी भरलीच नाही, तर दुखण्याच्या दिवशी कामगाराच्या हाती काही येत नाही. ठेक्यावरच्या कामगाराच्या वर्गणीची अंतिम जबाबदारी मूळ मालकावर असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दुसरे छिद्र अधिक मोठे आहे. बाई विमेदार होत्या, म्हणून नवऱ्याला औषधोपचार मिळाले. पण रजेचा भत्ता मिळतो तो विमेदार स्वतः आजारी पडला तरच. नवऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या बायकोसाठी आणि बायकोची शुश्रूषा करणाऱ्या नवऱ्यासाठी त्यात काही नाही. कारखान्यातल्या प्रौढ कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा साठते. तीच लग्नाला, तीच सणाला आणि तीच दुखण्याला! दुखणे एकाला येते, खाडा मात्र दोघांचा होतो.

तेव्हा माझी तीन मागणी आहेत, आणि ती सरकारकडे करण्याआधी तुमच्याकडे करतो. जे नोकरी करतात त्यांनी आपली विम्याची वर्गणी खरोखर भरली जाते की नाही, हे अंग धड असतानाच पाहावे. तुमच्यांत जे दुकानदार, कारखानदार असतील त्यांनी घरी मोठे दुखणे असलेल्या माणसाला पाळी निवडू द्यावी. याला पैसा लागत नाही. आणि आम्हां युनियनवाल्यांनी पुढच्या प्रत्येक करारात शुश्रूषेच्या पगारी रजेचे कलम मांडावे. पहिल्या वर्षी मालक नाही म्हणतील. रविवारच्या सुटीलाही सहा वर्षे लागली होती.

सावित्रीबाईंसारखे धैर्य प्रत्येक घरात असते असा माझा अनुभव आहे. नसतो तो वेळ, आणि तो कोणीतरी झगडून मिळवावा लागतो. आज संध्याकाळी येथे येऊन बसण्याइतकी सवड तुम्हांला मिळाली, तीही अशीच कोणीतरी मिळवलेली आहे. एवढे बोलून मी आपली रजा घेतो. ही एक रजा तरी मला अर्ज न करता मिळते!