बाजारभावाच्या तक्त्यातील दिरंगाई व तिचे निवारण

सोलापूर जिल्ह्यातील खरीप व रांगडा कांदा उन्हाळी कांद्याप्रमाणे चाळीत चार-पाच महिने टिकत नाही. काढणीनंतर तो थोड्याच दिवसांत विकावा लागतो. माल आजच सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर बाजार समितीत न्यावा की दोन दिवस थांबावे, हे आवक व दर पाहून ठरवावयाचे असते. शेतकरी उत्पादक कंपन्या व सहकारी संस्था यांच्या कार्यालयांत यासाठी एक्सेलमधील पॉवर क्वेरी हे साधन उपयोगी पडते. परंतु तक्ता ताजा होण्यास अर्धा तास लागू लागला, तर तोवर गाडी भरण्याची वेळ निघून गेलेली असते.

अशा वेळी दोष संगणकाच्या माथी मारला जातो व नव्या संगणकाचा प्रस्ताव तयार होतो. खरे कारण बहुधा तक्त्याच्या मांडणीत असते.

केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट सेवेवरून आवक तसेच किमान, कमाल व सर्वसाधारण दर यांच्या नोंदी उतरवून घेता येतात. समजा, १०० बाजारपेठा, प्रत्येकी १० शेतमाल व वर्षाचे ३०० दिवस धरले, तर वर्षाला ३,००,००० ओळी होतात. चार वर्षांत त्या १२ लाखांवर जातात. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळीच मावतात. उलट, सोलापूर, लासलगाव व पुणे या तीनच बाजारांतील कांदा हवा असेल, तर वर्षाच्या ओळी अवघ्या ९०० होत. कडब्यासह ज्वारी बाजारात कोणी नेत नाही. मळणी व उफणणी खळ्यावरच उरकली जाते. तक्त्याच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडताना दिसते. सर्व ओळी आणून, त्यांना दुसरी यादी जोडून, तारखेप्रमाणे लावून झाल्यावर शेवटी कांदा निवडला जातो. निवड प्रथम करावी, अनावश्यक रकाने लगेच काढावेत, आणि जोडणी व क्रमवारी त्यानंतर ठेवावी.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे जरूर आहे. माहिती मोठ्या डेटाबेसमधून येत असेल, तर निवडीचे काम पुष्कळदा तो डेटाबेसच करून देतो व थोड्याच ओळी पाठवितो. साध्या सीएसव्ही फाइलला ही सोय नाही. एक ओळ हवी असली तरी फाइल वाचावीच लागते. म्हणून वर्षवार फाइली एका फोल्डरमध्ये असतील, तर त्या एकत्र करण्यापूर्वीच फाइलीच्या नावावरून हवी तेवढी वर्षे निवडावीत. न निवडलेल्या फाइली मग उघडल्याच जात नाहीत.

एका मूळ क्वेरीवर चार क्वेरी आधारलेल्या असल्यास मूळ फाइली बहुधा चार वेळा वाचल्या जातात, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. त्याऐवजी एकच आटोपशीर तक्ता पानावर उतरवून पुढील सारांश त्यावरून काढावेत. मधल्या क्वेरी केवळ जोडणी म्हणून ठेवाव्यात.

दोष कोठे आहे हे अंदाजाने ठरवू नये. प्रत्येक क्वेरी स्वतंत्रपणे ताजी करून घड्याळ लावावे. फाइली कार्यालयातील सामायिक संगणकावर असतील, तर त्यांची प्रत आपल्या संगणकावर घेऊन पाहावे. वेळ एकदम घटल्यास अडचण नेटवर्कची समजावी. सूत्रांची आकडेमोड तात्पुरती हस्तचालित करून पाहण्यासारखी आहे. क्वेरीवर येणारा आळ पुष्कळदा ऑफसेट, इनडायरेक्ट यांसारख्या सूत्रांचा असतो, कारण ती पानावरील प्रत्येक बदलाबरोबर पुन्हा मोजली जातात.

हे सर्व फेरफार तक्त्याच्या प्रतीवरच करावेत. बाजाराचे नाव एखाद्या फाइलीत निराळ्या तऱ्हेने लिहिलेले असेल किंवा नावापुढे मोकळी जागा राहिली असेल, तर निवडीच्या टप्प्यात त्या ओळी कोणतीही सूचना न देता गळून जातात. तक्ता मिनिटभरात तयार होतो, पण त्यातील आवक कमी दिसते. आणि कमी आवकेवरून दर चढेल असे समजून कांदा शेतात ठेवला जातो. याकरिता नव्या तक्त्यातील महिन्याची एकूण आवक जुन्या तक्त्याशी ताडून पाहावी व ती जुळल्याखेरीज जुना तक्ता काढून टाकू नये.